पचारे मॅडमची मरळ

पचारे मॅडम 'शी' म्हणायच्या तेव्हा त्यांचा वरचा ओठ थेट नाकाला जाऊन टेकायचा. पावसाळ्यात भिंतीवर आलेल्या बुरशीला शी, कँटीनच्या ओल्या कपाला शी, आणि हात न धुता दारातून आत आलेल्या माणसाला तर त्याच्या तोंडावर शी, मग तो शिपाई असो की संस्थेचा सचिव. चंद्रपूरच्या एका खाजगी महाविद्यालयाच्या मागे, जुन्या सायकल स्टँडला भिंती घालून काढलेल्या दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा होती. तिथे मी त्यांची संशोधन सहायक म्हणून लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाल्या, "अंगठी काढ. नखं दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी वाकून ते हुंगले.

"सकाळी कांदा चिरला ना?"

"हो, मॅडम."

"मंग दोनदा धू. मॅडम सनकी आहे असं वाटत असंल तुले. वाटू दे. बॅक्टेरियाले तुझं-माझं काही वाटत नाई."

शिकवताना त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की वडशाकडची झाडी बोली सुटायची. वय पन्नाशीचं, अंगानं सडपातळ, केस घट्ट बांधलेले, आणि दोन्ही हातांची कातडी साबणानं खाऊन टाकलेली, धोब्याच्या हातासारखी पांढुरकी, चिरा पडलेली.

आमचं काम सांगायला सोपं होतं. मरळ माशाच्या स्नायूचे बारीक तुकडे करायचे, ते प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत लालसर पोषक द्रवात ठेवायचे, आणि त्यांतून ज्या पेशी बाहेर सरकत येतील त्या जगवायच्या. नुसत्या जगवायच्या नाहीत, तर एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशा न संपता वाढत ठेवायच्या. अशा पेशींची अखंड चालणारी वंशावळ हाती आली, की माशांच्या रोगांवरची औषधं त्यांच्यावर तपासता येतात. दर वेळी जिवंत मासा मारावा लागत नाही.

आणि रोग आमच्याकडे होताच. थंडी पडली की तलावांतल्या मरळींच्या अंगावर लाल फोड येतात. फोड फुटतो, त्याचा खड्डा होतो, खड्डा मांसात उतरतो, कधीकधी आतला काटा दिसेपर्यंत. मासा तरीही पोहत असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर जाऊन ओकले. मॅडम मात्र त्या सडलेल्या खड्ड्यात चिमटा घालून निवांत बघत बसल्या होत्या. तिथे त्यांना शी सुचली नाही.

मॅडम मासे खात नसत. मासळीबाजाराचा रस्ता टाळून लांबून घरी जात. मला वाटायचं घर शाकाहारी असेल. एका दुपारी वीज गेली, इनक्युबेटर इन्व्हर्टरवर टाकून आम्ही दोघी अंधाऱ्या खोलीत बसलो होतो, तेव्हा त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकत. शाळेत मी बसली की बाजूची पोरगी सरकून बसे. मंग तिच्या बाजूची सरके. गुरुजी म्हणत, पचारे, तू दाराजवळ बस, हवा खेळती राहीन."

"मग?"

"मंग काय. राखेनं हात घासले, लिंबानं घासले, कपड्याच्या साबणानं घासले. वास जाईच ना. एक दिवस आई मले जवळ घ्याले आली, तं मीच तोंड फिरवलं. मले तिचा वास आला."

एवढं बोलून त्या उठल्या आणि हात धुवायला गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पण त्यानंतर त्यांच्या हातांकडे पाहिलं की मला त्या शाळेची शिसारी यायची, अजून येते.

मरळ आणायला आम्ही त्यांच्याच गावी जायचो, वडशाजवळच्या तलावावर. त्यांचे मोठे भाऊ वासुदेवभाऊ तिथे मासेमारी करत. शांत माणूस. बहीण आली की अंगणात खाट टाकत, स्वतः हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून मगच समोर येत. बहिणीला वास येऊ नये म्हणून. मॅडमना ते कळत असे.

अशाच एका फेरीत तलावाच्या पाळीवर एक व्यापारी भेटला. फोड आलेल्या मरळी कोणी विकत घेत नाही, म्हणून ढिवर त्या फेकून देतात. हा माणूस त्या फेकलेल्या मरळी गोळा करून आणत होता. फोडाचा भाग सुरीनं खरवडायचा, डोकं आणि कातडी काढायची, आणि उरलेल्या मांसाचे साफ तुकडे बर्फाच्या क्रेटमध्ये भरायचे.

मॅडम त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "हे कुठी जाते?"

"हॉटेलात. नागपूरले." तो सुरी न थांबवता म्हणाला. "तळल्यावर काय समजते बाई? लोकं बोटं चाटून खातेत."

मॅडमचा ओठ नाकाला टेकला. गाडीतली माशांची पेटी धुण्यासाठी आमच्याकडे फिनाईलची बाटली असे. त्यांनी ती आणली, बूच काढलं आणि अख्खी बाटली त्या क्रेटवर उलटी केली. पांढरा फेसाळ ओघळ गुलाबी तुकड्यांवरून बर्फात उतरला. व्यापारी उडी मारून उठला, आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला. वासुदेवभाऊ धावत आले, त्याच्यापुढे हात जोडले, त्याला बाजूला नेलं, कितीतरी वेळ समजावलं. परत आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं.

"शशे, तू जाशीन निघून," ते बहिणीला म्हणाले. "मले याच्याच दारात उभं राहा लागते. चांगल्या मरळी तरी दुसरं कोन घेते इथी?"

"सडकं खाऊ घालते तो माणसाले, भाऊ."

"माहीत आहे. मले का दिसत नाई?"

 परतताना आरमोरी मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "भाऊचं बरोबर आहे. पण माझंही चूक नाई." मग खिडकीची काच वर केली.

पेशी जगता जगेनात. मरळीच्या अंगावर बुळबुळीत चिकटा असतो आणि त्यात तलावातली सगळी घाण राहते. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा बेशुद्ध करायचा, औषधांच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा, तरी दोन दिवसांत बाटलीतला लाल द्रव पिवळा पडायचा. बॅक्टेरिया. ते टळलं तर बुरशी, कापसाच्या बोळ्यासारखी. मॅडम बाटली ट्यूबलाइटसमोर धरत, तिरपी करत, आणि मला काही दिसायच्या आधी म्हणत, "गेली. शी." की बाटली ब्लीचच्या बादलीत. त्या कधी हळहळल्या नाहीत. घाण झालेल्या गोष्टीला जवळ बाळगून तिच्यासाठी रडणं त्यांना जमत नसे.

आणि मग एका खेपेला बाटली स्वच्छ राहिली. तुकड्यांच्या कडेनं पेशी बाहेर आल्या, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, पाटाच्या पाण्यात झोपलेल्या गवतासारख्या सगळ्या एका दिशेला. काही एकमेकींत मिसळून लांब नळ्या झाल्या. स्नायूच्या पेशी असंच करतात. एका सकाळी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं.

"पाह्य. डोळा हलवू नको."

मी पाहिलं. त्यातली एक नळी फडफडली. थांबली. पुन्हा फडफडली. मरळ कधीच मेली होती, आणि तिचा हा धागा प्लास्टिकच्या बाटलीत स्वतःहून आखडत होता.

"वास येते का?" मॅडमनी विचारलं. त्या हसत होत्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. "मरळ आहे, जिती आहे, आणि वास नाई."

त्यांनी त्यातल्या काही पेशी इवल्या नळ्यांत भरून गोठवल्या. आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचा एक डबा होता, दुधाच्या कॅनसारखा. त्यातली थंडी टिकली तर पेशी वर्षानुवर्षं तशाच राहतात, आणि हवं तेव्हा जाग्या करता येतात. नायट्रोजन मात्र उडून जातो, तो वेळोवेळी भरावा लागतो. ते काम महाविद्यालयाच्या संशोधन केंद्राचे प्रमुख उमाटे सर यांच्याकडे होतं, कारण गाडी त्यांच्याकडे होती.

उमाटे सर प्रयोगशाळेत येताना नाकाला अत्तर लावलेला रुमाल धरून येत. तिथे खरं तर स्पिरीटशिवाय कशाचाच वास नसे. दारातूनच विचारत, "काय म्हणते आपली मरळ?" पेशी जगल्याचं कळल्यावर हे 'आपली' त्यांच्या तोंडी फार यायला लागलं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. हातात बाटली होती, उलटी धरलेली.

त्या उन्हाळ्यात मॅडमची आई आजारी पडली आणि त्या रजेवर गावी गेल्या. मला परीक्षेच्या कामाला जुंपलं होतं. तेवढ्यात उमाटे सरांनी बाहेरच्या विद्यार्थ्यांची कार्यशाळा घेतली. सरावासाठी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेकडून मागवलेल्या रोहू माशाच्या पेशी आमच्याकडे होत्या. मॅडम त्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या दिवशी हाताळत. कार्यशाळेत रोहू आणि मरळ एकाच टेबलावर मांडली गेली, पोषक द्रवाची एकच बाटली दोन्हींत फिरली.

आई गेली; तिचं सगळं उरकून मॅडम परत आल्या, तेव्हा आमच्या बाटल्या तुडुंब वाढलेल्या होत्या. उमाटे सर पेढे घेऊन आले. मॅडमनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

"इतकं चांगलं काऊन वाढून राह्यलं?"

"चांगलं आहे ना मॅडम?" मी म्हटलं.

"हे आपले नाईत. आपले एका दिशेनं झोपत. हे पाह्य, पाय पसरून बसले. घर बळकावल्यावानी."

त्यांनी नमुना बाहेरगावी तपासणीला पाठवला. कोणत्या माशाच्या पेशी आहेत ते त्यातून नेमकं कळतं. उत्तर आलं: रोहू. मरळ नाहीच. रोहूच्या दोनचार पेशी आमच्या बाटलीत पडल्या, झपाट्यानं वाढल्या आणि मरळीला त्यांनी जागाच ठेवली नाही.

मॅडम मला घेऊन सरळ उमाटे सरांच्या खोलीत गेल्या. तिथे मंडपवाला बसला होता. पुढच्या आठवड्यात पेशींच्या यशाचा सोहळा होता, मोठे पाहुणे येणार होते. मंडपवाला बाहेर गेल्यावर मॅडमनी सगळं सांगितलं, आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही, सर. कार्यशाळेच्या आधी गोठवलेल्या पेशी शुद्ध आहेत. त्या काढून पुन्हा वाढवू. काही महिने लागतील. सोहळा पुढे ढकला."

उमाटे सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, पत्रिका गेल्या. रोहू काय अन् मरळ काय, पाहुण्यांना काय कळणार? मासळीच ना शेवटी?" मग ते हसले, घरच्यासारखे. "तुमच्या घरी तर दोन्ही एकाच पातेल्यात शिजत असतील."

मॅडमचा ओठ जागचा हलला नाही. मला वाटलं आता शी येईल, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. शी मलाच सुचली. किती स्वच्छ माणूस. इस्त्रीचा सदरा, अत्तराचा रुमाल, कापलेली नखं.

सोहळ्याच्या दिवशी प्रयोगशाळेसमोर मंडप होता, आणि मंडपात एका टेबलावर ताटं झाकून ठेवली होती. भाषणं झाल्यावर ती उघडली. तळलेल्या माशांचे चौकोनी तुकडे, प्रत्येकात एक काडी टोचलेली, आणि पुढे छापील पाटी: 'आमच्या प्रयोगशाळेत तयार झालेली मरळ.' तुकडे कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आले होते. मी सकाळी तिथली गाडी फाटकात पाहिली होती, पण ते पाहुण्यांच्या जेवणासाठी असेल असं समजले होते.

पाहुणे काड्या उचलून खाऊ लागले. एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "अगदी खऱ्यासारखी चव!" उमाटे सर मान तुकवून हसले. कोणीतरी म्हणालं, ज्यांनी हे घडवलं त्या मॅडमनी दोन शब्द बोलावेत.

मॅडम माईकपाशी गेल्या. पुस्तकी भाषा त्यांनी खाली खुर्चीवरच ठेवली होती.

"तुम्ही जे खाऊन राह्यले ते हॉटेलातलं आहे," त्या म्हणाल्या. "ते आमची मरळ नाई. आतमधी बाटल्यांत जे आहे, ते बी मरळ नाई, रोहू आहे. आमच्या हातानं घाण झाली. मरळ आम्ही वाढवली होती, खरी वाढवली होती, पन आज इथी दाखवाले नाई. जेव्हा राहीन तेव्हा बलावीन. खाले नाई, पाहाले."

 डोळे मिटून खाणाऱ्या गृहस्थांनी तोंडातला घास कागदी रुमालात काढला आणि रुमाल खिशात ठेवला. मग हळूहळू लोक बोलायला लागले, पण मॅडमशी कोणी बोललं नाही. उमाटे सरांनी माईक घेतला, मॅडमच्या आईचं नुकतंच निधन झाल्याचं सांगितलं, त्यांच्या मनावर ताण असल्याचं सांगितलं, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. लोकांनी वाजवल्या. काही जणांनी दुसऱ्यांदा काडी उचलली. मी आजही तळलेला मासा तोंडात घेऊ शकत नाही, पण त्यात माशाचा काही दोष नाही.

मॅडम तोवर आत गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. त्यांनी इनक्युबेटर उघडून एकेक बाटली काढली आणि ब्लीचच्या बादलीत सोडली. लाल द्रवाचा रंग उडून जात होता. सगळ्या संपल्यावर त्यांनी टेबल पुसलं, पेशी हाताळायचा काचेचा हूड पुसला, हात धुतले.

"चल," म्हणाल्या. "खऱ्या काढू."

नायट्रोजनचा डबा उमाटे सरांच्या कोठारात असे. चावी शिपायाकडून आणली. झाकण उघडलं की त्या डब्यातून पांढरी वाफ उसळून जमिनीवर सांडते. या वेळी काहीच सांडलं नाही. मॅडमनी लाकडी पट्टी आत घातली. जितकी पट्टी नायट्रोजनमध्ये बुडते तितक्या भागावर बाहेर काढल्यावर पांढरं दव चढतं, त्यावरून किती उरला ते कळतं. पट्टी वर आली, घरच्या पट्टीसारखी कोरडी. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. थंडही नव्हती; आतल्या पेशी कधीच मेल्या होत्या.

शिपाई दारात उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "गाडी मंडपाच्या सामानाले लागली होती, मॅडम. मी साहेबाले म्हणलं होतं, भरून आनतो. ते म्हणले, आता कार्यक्रम झाल्यावर."

मॅडम खाली बसल्या. कोठारात धूळ होती, उंदरांच्या लेंड्या होत्या, फाटलेले खोके होते. त्या तशाच फरशीवर बसल्या, पाय लांब करून, पट्टी मांडीवर ठेवून. बाहेर जेवणाच्या पंगतीचा आवाज येत होता. म्हणाल्या, "माझी आई गेली ना, तेव्हा मी तिचे हात हातात घेतले होते. वास होताच." आणि रडल्या.

पुढचं लवकर उरकलं. मॅडमची बदली संस्थेच्या आलापल्लीच्या कनिष्ठ महाविद्यालयात झाली. प्रकल्प बंद झाला, माझंही काम गेलं. उमाटे सर अजून तिथेच आहेत, आणि आमच्या प्रयोगशाळेत आता मंडपाच्या प्लास्टिक खुर्च्या रचलेल्या असतात. मी मध्यंतरी गेले होते तर हूडमध्ये कोणीतरी केळ्यांच्या साली टाकल्या होत्या.

मला गडचिरोलीच्या एका रोगनिदान केंद्रात काम मिळालं. मॅडमचा फोन क्वचित यायचा. आलापल्लीत सागाची झाडं छान आहेत आणि पोरं हात धूत नाहीत, एवढंच सांगायच्या. एका थंडीत मात्र त्यांचा फोन आला, की रोहूच्या पेशी ज्यांनी दिल्या होत्या त्याच दक्षिणेतल्या प्रयोगशाळेनं त्यांना सुट्टीपुरतं एक टेबल द्यायचं कबूल केलंय. त्या मरळ घेऊन निघाल्या आहेत, वडशाहून गाडी आहे, भेटायला येशील का?

मी पहाटेची एसटी धरून गेले. वासुदेवभाऊ आणि मॅडम फलाटावर उभे होते. भाऊ थेट तलावावरून आले होते, धोतराची कडा ओली, हाताला चिकटा वाळलेला. मॅडम त्यांना अगदी लागून उभ्या होत्या. दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा डबा होता, त्यात थोडं पाणी आणि दोन मरळी.

"जगतील इतक्या लांब?" मी विचारलं.

"मरळ आहे थे," वासुदेवभाऊ म्हणाले. "पान्यावर येऊन हवा घेते. फक्त झाकन लावून ठेवू नोका."

गाडी आली. भाऊंनी डबा आत चढवून दिला, बहिणीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि उतरले. डब्यातलं पाणी हिंदकळून समोरच्या बाकावरच्या बाईच्या चपलेवर पडलं.

"काय आहे त्यात?" बाईनं पाय वर घेतले.

"मच्छी," मॅडम म्हणाल्या. "जिती आहे. तुम्हाले त्रास होत असंल तं तिकडं बसा. मी इथीच बसते."

बाई पुटपुटत दुसरीकडे गेली. मॅडम खिडकीशी बसल्या, डबा दोन पायांत घट्ट धरला. मी खिडकीतून म्हटलं, "पेशी झाल्या की कळवा, मॅडम."

"तपासनी झाल्याबिगर मरळीचं नाव नाई घ्याचं," त्या म्हणाल्या. "हजारदा सांगतलं तुले."

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही. एक हात डब्याच्या कडेला होता, आणि दुसऱ्या हातानं त्या झाकण अर्धवट उचलून आत वाकून पाहत होत्या.